घरोघरचा हिशेब

मंडळी, संयोजकांनी विषय विचारला तेव्हा म्हटलं, या महिन्यात जे वाचतोय त्यावरच बोलतो. ओळीनं वऱ्हाडच्याच कादंबऱ्या काढल्या होत्या. आपला वाशीम जिल्हा १९९८ चा, नवा. पण उद्धव शेळक्यांची ‘धग’ अमरावतीकडची आणि सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ बुलढाण्याकडची. एक आपल्या उगवतीला, एक मावळतीला. मधली काळी जमीन तीच.

ओळीनं वाचल्यामुळं एक गोष्ट ध्यानात आली. या सगळ्या कादंबऱ्यांत कुणी ना कुणी सतत हिशेब करत असतं.

‘धग’ १९६० ची. कौतिक ही शिंप्याच्या घरची बाई. नवरा महादेव कर्तृत्वानं बेताचाच, म्हणून संसार ओढायचा तो तिनं. कथानक म्हणाल तर आज चूल कशावर पेटणार आणि पोरांचं पुढं काय, एवढंच. पण हा हिशेब कौतिक स्वतःच्या तोंडानं, अस्सल वऱ्हाडीत मांडते. रडगाणं नाही. भांडते, नवऱ्याला टोचून बोलते, पुन्हा कामाला लागते. ‘बघा हो, किती सोसते’ असं सांगायला लेखक मध्ये पडत नाही. म्हणूनच आपल्याला चटका बसतो.

‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ शिकलेला, पण नोकरी नाही म्हणून शेतीत. धाकट्या भावाला, मधूला, नोकरीसाठी पैसे भरायचे आहेत, त्यापायी तो वावर विकायला निघालेला. एकनाथच्या बायकोचा, अलकाचा हिशेब आणखी वेगळा. कौतिकच्या घरी दाण्यांचा हिशेब होता, इथं एकरांचा आहे. सोयाबीन-तुरीचा भाव बघत बसलेल्या आपल्यापैकी कुणाला हे घर समजावून सांगायची गरज नाही. माझी एक तक्रार मात्र आहे. देशमुखांची माणसं मधूनच सभेत बोलल्यासारखी बोलतात. राग खरा आहे, पण तो पात्राच्या गळ्यातून लेखकाचा येतो. कौतिकच्या बाबतीत असं होत नाही.

रमेश इंगळे उत्रादकरांच्या ‘निशाणी डावा अंगठा’त हिशेब कागदावरचा, सरकारी. साक्षरता अभियान आहे, मास्तर आहेत, वर पाठवायचे आकडे आहेत. मी एकटाच हसत होतो, घरचे विचारत होते काय झालं. समोर बसलेल्या गुरुजींनी हसायचं की नाही ते आपलं ठरवावं!

मध्येच चव पालटायला ‘रणांगण’ घेतली. विश्राम बेडेकर अमरावतीचेच, पण १९३९ ची ही कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवरची. जर्मनीतून हाकललेली ज्यू हॅर्टा आणि चक्रधर यांची. यात वऱ्हाड नावालाही नाही. पण कुठल्या बंदरात उतरू देतील आणि कुठल्या नाही, हा त्या ज्यू प्रवाशांचा हिशेब कौतिकच्या हिशेबापेक्षा निराळा आहे असं मला वाटेना.

तुम्हाला वेळ थोडा असेल तर ‘धग’ आधी घ्या. ‘बारोमास’ पेरणी उरकल्यावर, पावसाची वाट बघताना वाचा.