रायफलीचा नंबर आणि कामगाराचा बिल्ला



जुन्या लष्करी रायफली जमविणे हा पैसेवाल्यांचा छंद, अशी आपली समजूत असते. तेव्हा कामगार चळवळीतल्या माणसाने त्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. पण संग्राहक अशी रायफल हाती घेतो तेव्हा आधी काय पाहतो? ती कोणत्या लढाईत होती हे तो मागाहून विचारतो. आधी नंबर पाहतो, शिक्के पाहतो, सारे भाग मूळचे एकमेकांचेच आहेत ना, हे पाहतो. म्हणजे तो कारखान्याचा दाखलाच वाचतो. तो दाखला आज आपण मिळून वाचू.

१८५० च्या आधी इंग्लंडात बर्मिंगहॅमला लष्करी बंदूक अनेक हातांतून जाई. नळी करणारा एक, चापाची कळ करणारा दुसरा, लाकडी दस्ता करणारा तिसरा. मग कानस घेऊन ते भाग एकमेकांत बसवायचे. एका बंदुकीची कळ दुसरीला बसेलच असा भरवसा नसे. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेतील रॉबिन्स आणि लॉरेन्स या कंपनीने भागांची अदलाबदल होऊ शकेल अशा रायफली मांडल्या. १८५४ साली ब्रिटिश सरकारची समिती अमेरिकेस गेली, यंत्रे खरेदी झाली आणि ती लंडनच्या उत्तरेस एनफील्ड येथे बसविण्यात आली. पुरवठा वेळेवर होईना ही सरकारची अडचण होती. ती यंत्राने दूर केली. त्याबरोबर कारागिराच्या हातातले बळही उणे झाले.

शिक्का राज्यकर्त्याचे मनही सांगतो. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक निघाली. दिसायला ती गोऱ्या सोल्जराच्या एनफील्डसारखीच. पण नळीत डोकावले तर गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा नाहीत. नेम दूरवर लागू नये, अशीच ती घडविलेली. अविश्वास असा लोखंडात कोरून ठेवलेला आहे.

आता आपल्या ओळखीची थ्री-नॉट-थ्री घ्या. तिचा बोल्ट आणि काडतुसांची पेटी जेम्स पॅरिस ली याच्या कल्पनेतून आली. तो जन्माने स्कॉटिश, वाढला कॅनडात. १९०७ साली तिचा प्रसिद्ध मार्क तीन नमुना ठरला. बंगालमध्ये हुगळीकाठी इशापूरला १९०४ साली रायफलींचा कारखाना उभा राहिला होता. तेथे ही रायफल पुढे कित्येक वर्षे तयार झाली. जुन्या रायफलीवर राजाचा मुकुट दिसतो, स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर अशोकाचे सिंह. साठीच्या दशकात तिथेच त्याच घडणीची, पण ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची रायफल निघाली. पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना काडतुसांच्या बुडावर के. एफ. अशी अक्षरे उमटवी. 'के' म्हणजे किरकी, इंग्रजांच्या तोंडची आपली खडकी.

या रायफलीत एक गंमत आहे. सारे भाग अदलाबदलीचे, तरी बोल्टवर रायफलीचाच नंबर मारलेला असे. कारण बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांमधले अंतर नेमके हवे. ते वाढले तर गोळी उडताना काडतुसाचे पितळ फाटू शकते. म्हणून गेज लावून बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवावा लागे. यंत्र आले तरी फिटरचा हात सुटला नाही. संग्राहक जुळत्या नंबरला जास्त किंमत देतो, ती खरे पाहता त्या हाताची किंमत आहे.

२६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला संचलनात निरोप दिला. आपल्याकडे हा बोअर सामान्य नागरिकाला सहसा मिळत नाही. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा पुराण्या शस्त्रांना १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे. तेव्हा आपल्या देशात हे जतन मुख्यतः संग्रहालयांनीच करावयाचे आहे. मग त्यांनी काय काय ठेवावे?

एनफील्डचा कारखाना १९८८ साली बंद झाला, त्या जागी घरे झाली. तिथला नमुना-रायफलींचा संग्रह मात्र जपला गेला. आता तो लीड्सला आहे. ऑस्ट्रेलियात लिथगोला १९१२ साली सुरू झालेल्या रायफल कारखान्याचे संग्रहालय आहे. कारखान्याने पुढे शिवणयंत्रेही केली, त्यांनाही तिथे जागा मिळाली. हे मला मोलाचे वाटते.

कामगाराला कारखान्यात बिल्ला मिळतो, त्यावरही नंबर असतो. रायफलीचा नंबर शंभर वर्षांनी भिंग लावून वाचला जातो. कामगाराचा बिल्ला तो निवृत्त झाल्या दिवशी परत घेतात, आणि हजेरीपट रद्दीत जातो. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: काचेच्या कपाटात रायफल ठेवाल, तेव्हा तिच्याशेजारी गेज ठेवा, कानस ठेवा, हजेरीपटाचे एक पान ठेवा. रायफल कोणी चालविली हे इतिहासाने पुष्कळ लिहिले आहे. ती कोणी घडविली, हेही त्याच कपाटात वाचता आले पाहिजे.