दोन कार्बुरेटर, एक सूर
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दरूप)



या मंडपात कीर्तन झाले, मुलांची नाटिका झाली आणि आज आमच्यासारख्या सरकारी नोकरीतल्या पदविकाधारकांवर बोलण्याची पाळी आली. टू-स्ट्रोक इंजिनाचा कार्बुरेटर हा विषय ऐकून पुढच्या रांगेत हसू पसरलेले आम्ही पाहिले. पण जरा आठवून पाहा. १९७२ साली लूना आली, त्याच साली बजाजची चेतक आली. राजदूत त्याआधीपासून होतीच. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आली. पांढुर्णा आणि सौंसरच्या आपल्या कुटुंबांतली लग्ने, दवाखान्याच्या फेऱ्या, बाजारहाट यांतले कितीतरी याच गाड्यांवर झाले. गाड्या आता थोड्या उरल्या. पण संत्र्याच्या बगीच्यात पाठीवर घ्यायचा पेट्रोलचा फवारा पंप आजही चालतो, आणि त्यांतल्या पुष्कळ पंपांत तेच टू-स्ट्रोक इंजिन आहे. म्हणून हा विषय जुन्या आठवणींपुरता नाही.

कार्बुरेटरचे काम एका वाक्यात सांगता येते: हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणे. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढले जाते. साध्या पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला एक किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’: धूर, काळा प्लग, वाढलेला खर्च. पेट्रोल कमी पडले की मिश्रण ‘लीन’: इंजिन तापते. टू-स्ट्रोकमध्ये लीन जास्त घातक, कारण पिस्टनला मिळणारे तेल बहुतेक यंत्रांत पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल तुटले की वंगणही तुटते, आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. मिस्त्री ज्याला ‘इंजिन सीझ झाले’ म्हणतात ते हेच.

एकदा केलेले ट्यूनिंग कायमचे का टिकत नाही? कारण हवा बदलते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पौषातल्या पहाटे ८ अंशांपर्यंत उतरतो. त्या थंड हवेचे वजन तापलेल्या हवेपेक्षा साधारण १३ टक्के जास्त असते. म्हणजे उन्हाळ्यात नीट बसवलेले जेट हिवाळ्यात लीन पडू शकते. कॅनडासारख्या देशांत बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल नावाच्या गाड्या आहेत. त्यांतल्या अनेक जुन्या गाड्यांना टू-स्ट्रोक इंजिन आणि दोन कार्बुरेटर असत. पारा फार उतरला की तिथले लोक मोठे जेट बसवतात. उंचीचा परिणाम उलटा. पचमढीसारख्या हजार मीटरच्या ठिकाणी हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, म्हणून तिथे आपली गाडी रिच होऊन गुदमरते.

आता ट्यूनिंगचा क्रम. पहिला नियम असा की स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावायचा. आधी हवेची जाळी धुवा, ताजे पेट्रोल भरा, प्लग साफ करा, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग तपासा. मग कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर व गॅस्केट पाहा. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल, वरच घोंघावत राहत असेल, तर कुठून तरी हवा शिरते आहे असे समजा. ती गळती न शोधता स्क्रू फिरवणे म्हणजे पाय मोडलेल्याला डोकेदुखीची गोळी देणे. यानंतर फ्लोटची पातळी पाहा आणि जेट साफ करा. जेटमध्ये तार घालू नका. भोक मोठे होते. हवेचा दाब पुरतो.

गाडीच्या स्लाइडवाल्या कार्बुरेटरमध्ये कामाची वाटणी ठरलेली असते. मूठ बंद असताना आणि जेमतेम उघडली असताना पायलट जेट व हवेचा स्क्रू. पाव ते पाऊण मुठीपर्यंत नीडल. पाऊण मुठीपासून पुढे मेन जेट. म्हणून तक्रार किती मुठीवर येते ते आधी ओळखावे. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून साधारण दीड फेरा बाहेर काढावा आणि इंजिन गरम झाल्यावर जिथे सर्वांत स्थिर चालते तिथे ठेवावा. नीडलची क्लिप एक खाच खाली लावली की नीडल वर उठते, मिश्रण रिच होते. मेन जेटचा निकाल प्लग देतो. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मुठीवर थोडे चालवून, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग काढून पाहा. रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हवा. पांढरा फटक असेल तर गाडी तशीच पुढे चालवू नका.

दोन समजुती इथे सोडून द्याव्यात. पहिली, ‘तेल जास्त टाकले की इंजिन सुरक्षित’. लिटरला २० मिलिलिटर सांगितले असताना ५० टाकले, तर जेटमधून जाणाऱ्या त्याच थेंबात तेल वाढते आणि पेट्रोल घटते. मिश्रण लीन होते. प्रमाण यंत्रासोबतच्या पुस्तिकेत असेल तेच ठेवावे. दुसरी, ‘घाटात मूठ बंद करून उतरले की पेट्रोल वाचते’. छिंदवाड्याहून सौंसरकडे येताना सिल्लेवानीचा घाट लागतो. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी गाडी तिथे गिअरमध्ये, मूठ बंद ठेवून उतरवली तर इंजिन जोरात फिरते पण तेल पोहोचत नाही. मधूनमधून मूठ थोडी उघडावी.

१९८३ साली एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० काढली. यामाहाच्या आरडी ३५० वरून घेतलेली ही गाडी. हिला दोन सिलिंडर आणि दोन कार्बुरेटर. इथे एकेक कार्बुरेटर नीट असून भागत नाही, दोघांचा सूर जुळावा लागतो. दोन्ही केबलची ढील सारखी हवी. मूठ फिरवताना दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उठल्या पाहिजेत. जाळी काढून डोळ्यांनी पाहावे. मग इंजिन चालू करून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर तळहात धरावा आणि धक्के सारखे होईपर्यंत रेसचे स्क्रू अगदी थोडेथोडे फिरवावेत. एक बाजू मागे पडली की दुसरी तिचा भार ओढते आणि आधी तीच जळते. भजनात एक टाळकरी पुढे पळाला तर काय होते ते या मंडळाला सांगायला नको.

आता फवारा पंपाकडे येऊ. आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी गावातले पंप पाहून देतो. अशाच एका कास्तकाराचा पंप आला. आंबिया बहाराची नवी पालवी फुटलेली, सायला किडीवर फवारणी दोन दिवसांत व्हायलाच हवी होती. पेट्रोल कमी लागावे म्हणून कोणीतरी स्क्रू आत पिळून दिला होता. पंप तासभर सुरेख चालला आणि मग बंद पडला. पिस्टनवर उभे ओरखडे. नवा पिस्टन येईपर्यंत आठवडा गेला, तोवर कोवळी पाने आक्रसली होती. वाचवले काय आणि गेले काय!

इथला फरक लक्षात ठेवा. गाडीचा हवेचा स्क्रू आत फिरवला की मिश्रण रिच होते. पण पंपावर ‘एल’ आणि ‘एच’ लिहिलेले स्क्रू असतात ते पेट्रोलचे. ते आत फिरवले की मिश्रण लीन होते. हात तोच, दिशा तीच, परिणाम उलटा.

त्यात पेट्रोलही बदलले आहे. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण थोडे लीनकडे झुकते. इथेनॉल पाणीही ओढते आणि जुने रबर फुगवते. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून कार्बुरेटर कोरडा करा. तेल मिसळलेले पेट्रोल पुढच्या बहारापर्यंत कॅनमध्ये ठेवू नका. पाइप आणि रबर वर्षातून एकदा पाहा.

हे सारे आम्ही पुस्तकातून थोडे आणि चौकातल्या वयस्कर मिस्त्रींकडून जास्त शिकलो. आवाज ऐकून दोष सांगणारे ते हात आता थकत चालले आहेत. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी त्यांच्याजवळ चार रविवार बसावे, प्रश्न विचारावेत, वहीत लिहून ठेवावे. ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी दिवाळीआधी तो घेऊन यावा. आम्ही पाने-पेचकस घेऊन मंडळाच्या अंगणात बसू. फक्त येताना पंपाची पुस्तिका आणा, आणि टाकी रिकामी करूनच आणा.

 गणपती बाप्पा मोरया!