विन्स्लो गावचे जुने हॉटेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायचा सराव नाही, शिक्षणही सातवीपर्यंतच. पण धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आले, तेव्हा तिकडचे काही सांगाच असा सर्वांचा आग्रह पडला. उंच इमारतींचे सांगत नाही. एका लहान गावातल्या जुन्या हॉटेलाचे सांगते.

गावाचे नाव विन्स्लो, ॲरिझोना राज्यात, रेल्वेच्या कडेला. हॉटेल 'ला पोसादा'. ते १९३० साली उघडले, आणि त्याचा आराखडा केला मेरी कोल्टर या बाईंनी. त्या काळी बायका इमारती उभारीत होत्या, याचेच मला नवल वाटले! जुन्या स्पॅनिश जमीनदाराचा वाडा डोळ्यांपुढे आणून त्यांनी सारे ठरवले. भिंती, बाग, खुर्च्या, कपबशा, कामवाल्या मुलींचे पोशाखसुद्धा. आपल्या सर्व कामांत हेच त्यांना जास्त आवडे.

पण दार उघडले ते नेमके मंदीत. पुढे लोक मोटारीने, विमानाने जाऊ लागले. १९५७ साली हॉटेल बंद झाले, सामान लिलावात गेले, आत रेल्वेच्या कचेऱ्या बसल्या. कोल्टरबाई तेव्हा खूप वृद्ध होत्या. पुढच्याच जानेवारीत त्या वारल्या.

नंतर रेल्वेलाही ती जागा नकोशी झाली. गावकऱ्यांजवळ ना पैसा, ना मालकी. मग त्यांतले काहीजण काय करू लागले? तिथल्या बागेची निगा राखू लागले! १९९७ साली ॲलन ॲफेल्ट यांनी ते विकत घेतले. त्यांच्या पत्नी टीना मायन चित्रकार आहेत, त्यांची चित्रे तिथे लावली आहेत. आधी थोड्या खोल्या उघडल्या, बाकीचे काम वर्षानुवर्षे चालले.

आम्ही तिथे एक रात्र राहिलो. सकाळी मागच्या अंगणात चहा घेत होते. समोरच फलाट. मालगाडी गेली नि हातातला कप थरथरला. एकदम सासूबाईंची खाणावळ आठवली.

तुमच्यापैकी कितीतरीजणी त्यांच्या हातचे जेवलेल्या आहात. त्या गेल्यावर ती पितळी पातेली मीच मोडीत काढली. मोडवाला तोलत होता, तेव्हा काटा बरोबर आहे ना, एवढेच मी पाहत होते.

परत आल्यावर माळ्यावर चढले. त्यांचे नाव घातलेली एक परात तेवढी राहिली होती. चिंच लावून घासली. आज तुम्हांला मिळणारे दडपे पोहे तिच्यातच कालवले आहेत.