अनर्थदंड आणि आपल्या घरातील कचरा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेसाठी कचऱ्यासारखा विषय निवडल्याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. रत्नत्रय, कर्मसिद्धांत, अनेकान्त अशा विषयांच्या पंक्तीत भाजीची साले आणि दुधाच्या पिशव्या कशासाठी? तथापि श्रावकाच्या बारा व्रतांत एक व्रत असे आहे, की ज्याचा विचार स्वयंपाकघरातील केराच्या टोपलीपाशी उभे राहूनच नीट करता येतो. ते म्हणजे अनर्थदंडविरती.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील शेवटचा प्रकार प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे हे सारे त्यात येते. प्रपंच चालविताना होणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्रकार जाणून होते. परंतु जिच्यातून कोणाचेच प्रयोजन सिद्ध होत नाही, ती हिंसा निश्चित टाळता येते. शिजवून टाकून दिलेल्या वाटीभर भाजीचा विचार करा. तिच्यासाठी पाणी, अग्नी आणि वनस्पती या तिन्ही कायांच्या जीवांची विराधना झाली आणि भूक मात्र कोणाचीच भागली नाही. अनर्थदंडाचे याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

आपल्या जुन्या घरांत कचरा कमी होता, याचे कारण केवळ गरिबी नव्हे. शोधाच्या स्वयंपाकात पिठाला मर्यादा असते: पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7. म्हणजे धान्य निवडून, लागेल तेवढेच दळायचे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे आणि रात्री उरलेले दुसऱ्या दिवशी चालायचे नाही, म्हणून गृहिणी माणसे मोजूनच कणीक भिजवीत असे. विहिरीचे पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव त्याच पाण्याने धुऊन पुन्हा त्याच विहिरीत सोडले जात. यालाच जिवाणी म्हणत. जे जेथून आणले ते तेथे सुखरूप पोचविण्याची एवढी काळजी ज्या परंपरेने घेतली, तिच्या घरांतून आज रोज डबाभर केर बाहेर पडतो. जीर्ण लुगड्याची गोधडी होई आणि उरलेले कपडे बोहारीण नेई. आता बंद पाकिटातले दहा किलो पीठ येते, त्याला किडे होतात आणि पीठ व पाकीट दोन्ही टोपलीत जातात. पिठाची मर्यादा पाळणाऱ्यांना आपण जुन्या वळणाचे म्हणतो. या एका बाबतीत तरी तेच आपल्यापुढे आहेत, असे माझे मत आहे.

यापुढचा भाग थोडा कठोर वाटेल. जीवदयेच्या कार्यात आपला समाज कोठेही मागे नाही. पांजरपोळासाठी वर्गणी मागितली तर कोणी हात आखडत नाही. परंतु तोच हात रात्रीचे उरलेले अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर घट्ट गाठ मारून, कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकतो. गाईला अन्नाचा वास येतो, गाठ मात्र सोडता येत नाही. गुरे चारा आधी गिळतात आणि नंतर रवंथ करतात, त्यामुळे ती पिशवी अन्नासह पोटात जाते. पोटाच्या पहिल्या कप्प्यात तिचे पचन होत नाही आणि ती सहसा पुढेही सरकत नाही. अशा पिशव्यांचा गोळा वाढत जातो, पोट भरल्याचा भास होतो आणि जनावर खंगत जाते. त्यावर शस्त्रक्रियेवाचून फारसा उपाय उरत नाही. पांजरपोळात तिच्यावर उपचार होतात ते आपल्याच देणगीतून. ही साखळी तोडण्यास खर्च काहीच नाही: अन्न उरू देऊ नये, उरलेच तर ते पिशवीत बांधू नये.

ओल्या कचऱ्याच्या खताविषयी एक शंका आपल्याकडे नेहमी निघते, आणि ती रास्त आहे. खतात जीव उत्पन्न होतात. मग तो आरंभ घरात कशासाठी करावा? यावर मुनिवर्यांचे मार्गदर्शन घेऊन ज्याने त्याने आपल्या व्रताप्रमाणे वागावे. मी फक्त एवढेच दाखवून देतो, की घराबाहेर टाकल्याने ती हिंसा टळत नाही. कचरा डेपोत ढिगाखाली हवा पोचत नाही, तेथे मिथेन वायू तयार होतो आणि आगी लागतात. मुंबईच्या देवनार डेपोला जानेवारी 2016 मध्ये लागलेली आग अनेकांना आठवत असेल. त्या ढिगातील असंख्य जीवांचे काय झाले असेल? घरातील कुंडीत केवळ साले व देठ, त्यावर भरपूर वाळलेला पाला, आणि ओल बेताची ठेवली तर अळ्यांचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. तरीही माझ्या दृष्टीने खत हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय. पहिला उपाय कचरा होऊच न देणे.

सुक्याचे सांगायचे तर एका घरात रोज दुधाच्या दोन पिशव्या आल्या, तर वर्षाच्या 730 होतात. शंभर घरांच्या 73,000. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नये, तो पिशवीलाच राहू द्यावा, कारण सुटा तुकडा वेचला जात नाही आणि गटारात जातो. पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो. फुटलेली काच आणि औषधांच्या सुया कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळ्या द्याव्यात. कचरा वेचणाऱ्या भगिनींचे हात त्यात जातात, आणि जीवदयेत पंचेंद्रिय मनुष्यही येतो. कापडी पिशवीविषयी इतके बोलून झाले आहे, की मी तो वेळ वाचवितो.

शेवटी आपल्याच संस्थेविषयी. महाराष्ट्रात 2018 साली थर्माकोलच्या ताटल्यांवर आणि देशभर 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले व चमच्यांवर बंदी आली. त्यांच्या जागी आलेल्या बहुतेक कागदी पेल्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणजे नाव पालटले तरी कचरा तोच. एके काळी सामुदायिक भोजनाला स्टीलची ताटे-वाट्या असत, आणि ताटात काही टाकले तर वाढणारे ज्येष्ठ गृहस्थ समोर उभे राहात. आता वाढणारे कंत्राटदाराचे असतात, त्यांना त्याचे काय? सुवर्णमहोत्सवाच्या सांगता समारंभातील भोजन स्टीलच्या ताटांत व्हावे, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांऐवजी गाळलेल्या पाण्याची पिंपे व तांबे ठेवावेत, आणि प्रभावनेची वस्तू प्लॅस्टिकच्या वेष्टनात नसावी, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. ताटे धुणार कोण, हा प्रश्न निघेल. युवक मंडळ आणि महिला मंडळ यांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. पहिल्या पाळीत माझे नाव लिहावे.

जय जिनेंद्र.