मागच्या दाराची किल्ली कोणाकडे?

(रत्नागिरीत महिला कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आगीचा विषय काढला की मासळीच्या कारखान्यातली बाई हसते. "आमचे हात दिवसभर बर्फात, पाय पाण्यात. आमच्याकडे कसली आग?" म्हणून तिथूनच सुरुवात करते. शीतगृहाच्या भिंतींत थंडी टिकावी म्हणून थर्माकोल नाहीतर पफ भरलेला असतो. वायरीची ठिणगी पडली की तो आतल्या आत पेटतो, आणि त्याचा विषारी धूर ज्वाळेच्या आधी आपल्यापर्यंत पोचतो. शिवाय थंडी करणाऱ्या यंत्रात बहुतेक ठिकाणी अमोनिया असतो. म्हणजे पळण्याच्या दोन तऱ्हा शिकायला हव्यात. धूर असेल तर वाकून, वेळ पडली तर रांगत. अमोनिया असेल तर नाकातोंडाला ओला रुमाल, कारण हा वायू पाण्यात विरघळतो; आणि वाऱ्याबरोबर न धावता वारा आडवा कापत निघायचं. जमण्याची जागाही वारा बघूनच ठरवायची.

आपल्याच जिल्ह्यात, लोट्याला, २० मार्च २०२१ रोजी घरडा केमिकल्समध्ये स्फोट होऊन कामगार दगावले. अडीच महिन्यांनी, ७ जूनला, मुळशी तालुक्यातल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आग लागली. १७ जण गेले, त्यात १५ बाया. कोणती कोण हे ठरवायला डीएनए तपासणी करावी लागली. त्या बाया तिथे पॅकिंग करत होत्या. पॅकिंग म्हणजे हलकं काम, बायकांचं काम, असं आपणही म्हणतो ना?

आता जरा लांबची गोष्ट. पहिला आंतरराष्ट्रीय महिला दिन १९ मार्च १९११ ला युरोपात पाळला गेला. त्यानंतर सहाच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कंपनीत, शिवणकामाच्या कारखान्यात, आग लागली. १४६ कामगार मेले, त्यात १२३ बाया आणि मुली. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर, मालक होते तिथे, फोन गेला. मधल्या नवव्या मजल्याला कोणी कळवलंच नाही. आणि नवव्या मजल्याचं एक दार कुलूपबंद होतं, बाया माल चोरतील म्हणून.

कोळंबी चोरतील म्हणून दार बंद, हे इथे कोणाच्या ओळखीचं आहे? हात वर नका करू, मला दिसलं.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आगीविषयीच्या कायद्याप्रमाणे मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते मागून बघा. पण त्यात उपकरणं चालू असल्याचं लिहिलेलं असतं. रात्रपाळीला मागच्या दाराची किल्ली कोणाच्या खिशात असते, हे आपल्यालाच ठाऊक. म्हणून सुटकेचा आराखडा करताना टेबलाशी बसणारी बाई हजर हवी. कोणाचे गुडघे धरलेत, कोणाला सातवा महिना आहे, वरच्या खोल्यांत राहणाऱ्या परगावच्या मुलींना मराठी हाका कळतात की नाही, हे सुपरवायझर सांगणार नाही.

हजेरीचंही तसंच. बाहेर जमल्यावर डोकी मोजायची, ती कशावरून? ठेकेदाराच्या बायांची नावं कारखान्याच्या रजिस्टरात नसली, तर आत राहिलेली बाई कोणाच्या मोजणीत येणार? पाळी सुरू होताना गेटवर सगळ्यांची एकच यादी झाली पाहिजे, आणि ती बाहेर राहिली पाहिजे.

आणखी एक, यावर भांडण होणार म्हणून आत्ताच सांगते. तालीम घेतली की किलोवर सोलणाऱ्या बाईची मजुरी बुडते. मग तीच म्हणते, नको ती तालीम. तिचं चुकत नाही. तालमीच्या वेळेचे पैसे मिळाले पाहिजेत, ही मागणी पहिल्या ओळीत लिहा.

आता कागद वाटतोय. आपापल्या गटात बसून आपल्या खात्याचा नकाशा काढा: दारं, कुलपं, कुठलं दार आत उघडतं, कुठे क्रेट रचलेत, आपल्या जागेपासून दार किती पावलांवर आहे. लिहिता येत नसेल तर खुणा करा. सोलणाऱ्या बायांचा नकाशा आधी बघू.