मॉरिशसचे धबधबे आणि एक कच्ची नोंद

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रवासावर बोला म्हणून मला दहा मिनिटं मंजूर झाली आहेत. मी पंधरा मागितली होती. बँकेत असताना मीही लोकांना असंच कापून मंजूर करत असे, तेव्हा तक्रार नाही.

मागच्या एप्रिलमध्ये मी आणि सौ. मॉरिशसला जाऊन आलो. तिथल्या समुद्राचे फोटो तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी जंगलातल्या धबधब्यांच्या एका दिवसाबद्दल सांगणार आहे.

सकाळी आठला गाडी आली. 'छत्री घेतलीस का' वगैरे आमचं चाललं होतं, तेवढ्यात ड्रायव्हर वळून म्हणाला, "तुमी मराठी? आमी पण मराठी." पन्नाशीचा माणूस. घरात क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकलेला. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर नेले गेले, त्यांत आपल्या कोकणातलेही होते. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे त्याने सौ.ला दोनदा सांगितलं.

गंगा तलावावर शंकराचं दर्शन आटपून आम्ही ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात शिरलो. 1994 पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. अलेक्झांड्रा धबधबा लांबून, कठड्यावरून बघायचा. धुकं होतं, पाण्याचा आवाज आधी आला आणि पांढरी रेघ नंतर दिसली. वाटेत लाल, बोराएवढे पेरू. आम्ही ओंजळभर खाल्ले. ड्रायव्हर म्हणाला, खा, खा, हे बाहेरून आलेलं झाड आहे, आमचं मूळ जंगल यानेच खाल्लं. तिथला ससाणा 1974 मध्ये रानात फक्त चार उरला होता, मग माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून तो वाचवला.

दुपारी शामारेल. उंची 80 मीटरच्या वर. आपली इमारत तळमजला अधिक चार. अशा पाच एकावर एक ठेवल्या तरी पुरणार नाहीत. कडा काळ्या दगडाचा, ज्वालामुखीचा, थेट आपल्या सह्याद्रीसारखा. आंबोली घाटात उभे आहोत असं वाटलं, फक्त भजी नव्हती. वरच्या सज्जाकडे पायऱ्या जातात. माझा गुडघा नको म्हणाला, सौ. एकटी गेली.

मी बाकावर बसलो, तेव्हा ड्रायव्हरने पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरं आहेत, तिथून आणलेली त्याच्या पणजोबांच्या वडिलांच्या नोंदीची नक्कल. नाव, वय 22, उंची. जिल्हा रत्नागिरी, साहेबी स्पेलिंगमध्ये. गाव: एस, ए, के, ए, आर, पुढचं पुसटलेलं. "माझे वडील हे गाव विचारत गेले," तो म्हणाला. "कुठे आहे, काका?"

चौतीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवलेला माणूस मी. साखरप्याला तीन वर्षं शाखेत होतो. क्षणाचा विचार न करता म्हणालो, "साखरपा! देवरुखच्या पुढे. मी राहिलोय तिथे." त्याने कागद कपाळाला लावला. तिथूनच आईला फोन केला. सौ. भिजून खाली आली, तर आम्ही दोघंही डोळे पुसत होतो. तिला वाटलं तुषार उडाले.

रात्री हॉटेलात झोप लागेना. राजापूरकडे साखरी नाटे आहे. गुहागरकडे साखरी आगर आहे. आणखी एखादी वाडी असेल. कागदपत्रं अर्धी असताना मी प्रकरण मंजूर करून टाकलं होतं. नोकरीत असं कधी केलं नाही. त्याच्याकडे निघताना बोलायचं होतं, पण विमानतळावर सोडायला तो बायकोमुलांना घेऊन आला, मिठाईचा डबा घेऊन. माझी जीभ उचलली नाही. सौ. म्हणते आत्ता फोन करा. मी म्हणतो, आधी शोधू.

डिसेंबरमध्ये ते चौघं साखरप्याला यायला निघताहेत, तिकिटं झाली आहेत. आपल्यात राजापूर, गुहागरकडची चार-पाच घरं आहेत. कुणाच्या गावी जुनी माणसं असतील, आमच्याकडचा एक जण बोटीवर गेला तो परत आलाच नाही, असं कुणी घरात ऐकलं असेल, तर मला भेटा. नकलेचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. बी विंग, पहिला मजला. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.