दुसरा जयवर्मन् : साम्राज्य कोणी उभारले?



इतिहास शिकायला मी कॉलेजात गेलो नाही. गिरणीतली पाळी संपली की वाचनालयात जाऊन बसावे, एवढेच माझे शिक्षण. तेव्हा पंडितांनी चूकभूल पदरात घ्यावी.

कंबोडियातील ख्मेर साम्राज्याचा संस्थापक दुसरा जयवर्मन्. शके 724 मध्ये, म्हणजे इ. स. 802 साली, महेंद्रपर्वतावर त्याने हिरण्यदामा नावाच्या ब्राह्मणाकडून विधी करविला. हा पर्वत म्हणजे आजचा कुलेन डोंगर. हेतू दोन : कंबुजदेश 'जावा'च्या अंमलाखाली राहू नये आणि देशाला एकच सार्वभौम राजा असावा. ही जावा कोणती, यावर विद्वानांत वाद आहे. पुढे हरिहरालय ही राजधानी झाली व तेथेच राजा वारला.

आता ही हकीकत सांगतो कोण? स्दोक काक थोम येथला शके 974 चा शिलालेख; अडीचशे वर्षांनंतरचा! तो कोरविणारे कुळ राजपुरोहित शिवकैवल्याचे. देवराजाची पूजा आमच्याच घराण्याकडे, जमिनी आमच्याच, हे त्यात आवर्जून नोंदलेले आहे. युनियनच्या कामात मी एक धडा शिकलो. कागद हाती आला की तो कोणी लिहिला आणि कशासाठी, हे आधी विचारावे. एवढ्याने लेख खोटा ठरत नाही. पण तो संपूर्ण इतिहासही ठरत नाही.

2012 साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी त्या डोंगराची पाहणी झाली. जंगलाखाली आखीव रस्ते, बांध, देवळांच्या जागा दिसल्या. ही माती काही मंत्राने हलली नाही.

ख्मेर शिलालेखांची एक रीत आहे. संस्कृत भागात देवाची आणि राजाची स्तुती. ख्मेर भागात देवळाला दिलेली शेते, जनावरे आणि माणसे, पुष्कळदा नावानिशी. आमच्या मस्टरसारखीच यादी, फक्त पगाराचा रकाना नाही. या माणसांना 'ख्ञुम' म्हणत. अभ्यासक त्याचा अर्थ दास किंवा सेवेकरी असा करतात. आज मात्र ख्मेर माणूस हाच शब्द 'मी' म्हणून बोलतो.

देश एक करणाऱ्या राजाचे मोठेपण मी नाकारीत नाही. पण ते बांध घातले कोणी, असे विचाराल, तर उत्तर त्या एका शब्दात आहे. ते विसरू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.